बर्फवाल्यांचे कपडे

१

शहर संग्रहालयात बाहेरून आलेली कुठलीही वस्तू आधी ताईच्या टेबलावर यायची, मग ते जुने नाणे असो की कुणाच्या आजोबांचा चष्मा. ताई ती मोजायची, तोलायची, क्रमांक द्यायची, दोऱ्याने चिठ्ठी बांधायची आणि कार्ड लिहून ठेवायची. एकवीस वर्षे हेच चालले होते. नोंदणीचे काम म्हणून लोक तिला नोंदणीताई म्हणत, घाईत नुसते ताई. संचालकांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांची ती ताई होती, आणि सख्खा भाऊ मात्र एकही नव्हता.

चिठ्ठी बांधली की वस्तूचे जुने आयुष्य संपले, असा तिचा नियम होता. मग ती कुणी वापरायची नाही, घालायची नाही, उघड्या हाताने शिवायचीसुद्धा नाही. एका नव्या शिपायाने दान आलेल्या खुर्चीवर बसून डबा खाल्ला होता. त्याला ताईने असे काही झापले की पुढे महिनाभर तो स्वतःच्या स्टुलावर बसतानाही इकडेतिकडे बघायचा.

त्या वर्षी संचालकांनी बर्फवाल्यांच्या दालनाचा चंग बांधला. बर्फवाले म्हणजे ध्रुवावर जाऊन आलेले या शहरातले एकमेव गृहस्थ. साठ वर्षांपूर्वी चौघे गेले आणि हे एकटे परत आले. शहराने त्यांना डोक्यावर घेतले, चौकाला नाव दिले. संग्रहालयाने त्यांचे ध्रुवावरचे कपडे मागितले तेव्हा मात्र त्यांनी साफ नकार दिला आणि एकेक वस्तू वेगवेगळ्या घरी वाटून टाकली. त्यांना जाऊनही आता चाळीस वर्षे झाली होती. वर्तमानपत्रातले आवाहन ताईनेच लिहिले: 'बर्फवाल्यांची आठवण आपल्या घरी असेल तर ती संग्रहालयाला द्या. येथे ती सुरक्षित राहील.'

पहिल्याच आठवड्यात तिघे आले. बेकरीवाल्याने केसाळ अस्तराचे हातमोजे आणले. त्यांची बोटे भाजून काळी पडली होती.

"वडिलांना दिले होते," तो म्हणाला. "भट्टीतले ट्रे आम्ही यांनीच काढतो. बर्फवाले बजावून गेले होते, ठेवून देऊ नका, वापरा."

ताईने कपाळाला हात लावला.

शिंपीणबाईंनी कोट आणला. घरात ज्याला ताप येईल त्याच्या अंगावर तो घालायचा, अशी त्यांच्याकडची रीत होती. "सासऱ्यांना सक्त ताकीद होती, कपाटात टांगायचा नाही म्हणून," त्या म्हणाल्या. मग त्यांनी कोट खांद्याशी धरून उचलला, तरी त्याची खालची कड फरशीवर लोळत राहिली. "एक सांगू का? बर्फवाले माझ्याएवढेच होते उंचीला. त्यांच्या लग्नाचा कोट आमच्याच दुकानात शिवलाय, माप अजून आहे. हा त्यांचा नव्हे."

"थंडीत कपड्यांवर कपडे चढवतात. म्हणून मोठा घेतला असेल," ताई म्हणाली आणि कार्डावर 'बर्फवाल्यांचा कोट' असे लिहिले.

शेवटी आला म्हातारा कुलूपवाला. तो बूट पायात घालूनच आला होता. टेबलासमोर त्याने ते काढले, "मलाही तेच सांगणं होतं, वापरा म्हणून," एवढे म्हणाला, पिशवीतल्या चपला घातल्या आणि निघाला. या बुटांतून तो पावसाचिखलात हिंडला होता हे ऐकून ताईला अक्षरशः रडू यायचे बाकी होते. तिने बुटांना चिठ्ठी बांधली आणि त्यांना म्हणाली, "सुटलात बाबांनो."

२

लोकर आणि चामडे हवेतली ओल धरतात. म्हणून कोठारातल्या अशा वस्तू दर सोमवारी पुन्हा तोलायच्या असतात. वजन दहा-वीस ग्रॅमने हलते, तेवढे चालते.

हातमोजे आले तेव्हा चारशे वीस ग्रॅम होते. पहिल्या सोमवारी चारशे साठ भरले आणि दुसऱ्या सोमवारी नऊशे दहा. ताईने काट्यावर प्रमाणाचे वजन ठेवून पाहिले, काटा चोख होता. टॉर्च लावून मोज्यांच्या आत पाहिले, तिथे अस्तराशिवाय काही नव्हते. कोट चार किलोचा साडेनऊ झाला होता.

कोठार म्हणजे इमारतीच्या मागच्या अंगाची बिनखिडकीची खोली. लोखंडी फळ्या, एक ट्यूबलाइट आणि ओल शोषणारे एक यंत्र, जे दिवसभर घुं घुं करायचे. ताईने यंत्र दुपटीने चालवले. हवा इतकी कोरडी झाली की तिचे ओठ फुटले, आणि वजने वाढतच राहिली. आकडे शाईने लिहायला तिचा हात धजेना. तिने ते पेन्सिलीने लिहिले.

हातमोजे तिने ट्रेमध्ये सपाट ठेवले होते. ते आता फुगून गोल झाले होते. ताईने उजव्या अंगठ्यावर बोट दाबले. तो ताज्या पावासारखा दबला आणि हळूहळू परत वर आला. लोकर दबून परत उठते, यात काही नवल नाही, असे तिने स्वतःला समजावले.

यंत्र बंद केल्यावर खालच्या फळीवरचे बूट वाजायचे. कर्र. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा कर्र, या वेळी दुसऱ्या बुटाचे. रांगेत ताटकळलेला माणूस कधी या पायावर तर कधी त्या पायावर भार घेतो, तसे ते ऐकू यायचे. चामडे सुकताना वाजतेच. नव्या माणसांसाठीच्या सूचनांत हे वाक्य ताईनेच लिहिलेले होते. तरी त्या आठवड्यात ती कोठारात यंत्र चालू ठेवूनच काम करत होती.

३

संचातली चौथी वस्तू कुठे आहे हे ताईला लहानपणापासून ठाऊक होते. ती तिच्या आईच्या गळ्यात होती.

आईची बाहत्तरी उलटली होती. अंगाने भारी, गुडघ्यांनी अधू आणि तोंडाने फटकळ. बारा वर्षांची असताना तिला शेजारच्या बर्फवाल्यांनी हा करडा मफलर दिला होता. तेव्हापासून हिवाळा असो की उन्हाळा, दिवसातून तासभर तरी तो तिच्या गळ्यात असायचाच. ताई शाळेत असताना तिला याची लाज वाटायची.

"आई, संच पूर्ण होईल गं," ताईने पुन्हा एकदा विषय काढला. "काचेत ठेवू. खाली तुझं नाव लावू."

"काचेत मेलेली फुलपाखरं ठेव. हा माझा आहे."

"तसाच विरून जाईल एक दिवस."

"माझ्याबरोबर विरू दे. रिकामा ठेवू नकोस म्हणाले होते ते. का, हे विचारायचं माझं वय नव्हतं. आणि वय झालं तेव्हा हिंमत नव्हती."

यावर आईने टीव्हीचा आवाज वाढवला.

इकडे संचालक रोज विचारायचे. उद्घाटनाच्या पत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यांत 'संपूर्ण पोशाख' असे शब्द होते. अपुरा संच संग्रहालयातल्या माणसाच्या डोळ्यांत कसा खुपतो ते बाहेरच्याला सांगून कळायचे नाही. एका दुपारी आई आंघोळीला गेली असताना ताईने खुंटीवरचा मफलर काढला आणि तिथे त्याच रंगाचा नवा अडकवला. हे तिने केले. नंतर तिने कुणापाशीही ते नाकारले नाही.

आई बाहेर आली. नवा मफलर हातात घेऊन तिने नाकाशी नेला, घडी करून खुर्चीवर ठेवला आणि म्हणाली, "चोर बाहेरून यायला पाहिजे असं काही नाही."



४

आईला खुर्चीतून उठवायचे तर एक पाय पुढे रोवायचा, दोन्ही बगलांत हात घालायचा आणि 'एक, दोन, तीन' म्हणून ओढायचे. ताईच्या कमरेला ते पाठ झाले होते. मफलर नेल्याला तीन आठवडे होत आले होते. त्या रविवारी सकाळी तिने नेहमीसारखा जोर लावला, आणि आई इतकी अलगद वर आली की ताई तोल जाऊन मागे भिंतीवर आपटली.

"जेवतेस ना गं नीट?" ताईने विचारले.

"तुझ्यादेखतच तर जेवते."

ताईने तिला वजनकाट्यावर उभे केले. दोन महिन्यांपूर्वी डॉक्टरांच्या कागदावर अठ्ठ्याहत्तर होते. आता एकोणसत्तर. डॉक्टरांनी घरी येऊन तपासले, काही सापडले नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचे असे होते म्हणाले. होतही असेल. पण सोमवारी साडेतीनशे ग्रॅमचा मफलर काट्यावर नऊ किलो चारशे भरला, तेव्हा ताईने तो पुन्हा एकदा तोलून पाहिला. योगायोग, असे ती मोठ्याने म्हणाली. त्या खोलीत तिचा आवाज तिला आवडला नाही.

त्याच दिवशी बेकरीवाल्याचा फोन आला. "ताई, मोजे चार दिवस परत मिळतील का? हसू नका, पण हातात जोरच राहिला नाही. कणीक मळता येत नाही मला."

आणि दुपारी एक अनोळखी बाई टेबलासमोर येऊन उभी राहिली. ती कुलूपवाल्याची शेजारीण होती. म्हातारा शनिवारी गेला, मागे कुणी नाही, आणि घरात संग्रहालयाची पावती सापडली म्हणून ती कळवायला आली होती.

"आजारी होते का?" ताईने विचारले.

"आजार कसला? वाळत गेले. शेवटी शेवटी मी एका हातानं कूस वळवायचे त्यांची. चादरीखाली माणूस आहे की नुसती चादरच, ते हात लावल्याशिवाय कळायचं नाही." बाईने डोळे पुसले. "सारखं म्हणायचे, माझ्या बुटात कोण उभं आहे ते बघून या."

ताईने पेन्सिलीने लिहिलेली सगळी कार्डे पुढे ओढली. तिन्ही घरांना बर्फवाल्यांनी एकच गोष्ट बजावून सांगितली होती: वापरा, ठेवून देऊ नका. तीच ती आईकडून जन्मभर ऐकत आली होती. आणि कोट जर बर्फवाल्यांचा नव्हता, तर तो परत न आलेल्या तिघांपैकी कुणाचा तरी होता. साठ वर्षे चार घरांनी ते पाळले. तिने चारही वस्तू एका खोलीत आणल्या, चिठ्ठ्या बांधल्या आणि माणसाचा हात लागू दिला नाही. आता आईचे एकोणसत्तर किलो उरले होते.

५

संचालक वाईट माणूस नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा मागवला आणि म्हणाले, "ताई, लोकर ओल धरते. हे मला तुम्हीच शिकवलंत."

"उचलून बघा, सर."

कोठारात जाऊन त्यांनी एका हाताने मफलरचा ट्रे ओढला. तो हलला नाही. दोन हात लावले तेव्हा तो फळीच्या कडेपर्यंत आला. संचालकांनी मफलरखाली पाहिले, ट्रेखाली पाहिले. खालून बूट वाजले. कर्र.

"हे परत करायचं, सर. ज्याचं त्याला. आजच."

"गुरुवारी चार वाजता उद्घाटन आहे," संचालक म्हणाले. त्यांचा हात रुमालाने कपाळ पुसत होता. "पाहुणे निघालेसुद्धा असतील. ते उरकू दे, मग बघू. चार दिवसांनी काय बिघडतंय?"

"चार दिवसांत माझी आई बिघडते."

"मग तुम्ही रजा घ्या," ते म्हणाले, आणि वाक्य संपायच्या आत खोलीबाहेर पडले.

पोशाख चढवायला ताईने नकार दिला. नोकरीत पहिल्यांदाच ती कामाला नाही म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला फार बरे वाटले. संचालकांनी कामगारांकडून तो चढवून घेतला. काचेच्या कपाटात एक लाकडी खांब, त्याला खांद्याच्या उंचीवर आडवी पट्टी. पट्टीवर कोट, बाह्यांना मोजे, वर मफलर, आणि खाली फळीवर बूट. डोके नाही, पाय नाहीत. कामगार दोघे होते. त्यांतला एक काम संपल्यावर हिशोबही न करता निघून गेला आणि परत आलाच नाही. बुधवारी आईचे वजन एकसष्ट होते.

कपाटाची किल्ली मात्र ताईकडेच होती. संग्रहालयातल्या सगळ्या किल्ल्या तिच्याकडे असत, आणि संचालकांना हे आठवले नाही.

६

गुरुवारी दोन वाजता, ताईने बोलावल्याप्रमाणे, बेकरीवाल्याची गाडी संग्रहालयाच्या मागच्या दाराशी थांबली. बेकरीवाला, शिंपीणबाई आणि आई खाली उतरली; ताई दारातच उभी होती. बेकरीवाला आईला उचलायला पुढे झाला.

"लांब हो," आई म्हणाली. "मी काय पावाची लादी आहे?" आणि ताईचा दंड धरून ती स्वतःच्या पायांनी आत गेली. तिची बोटे ताईला दंडावर जाणवतच नव्हती.

दालनात नवा रंग, नवे दिवे. संचालक भिंतीवरचा फोटो सरळ करत होते. चौघांना पाहून त्यांनी फोटो सोडून दिला.

"ताई, हे बरोबर नाही. मी पोलीस बोलावीन."

"बोलवा की," शिंपीणबाई म्हणाल्या. "कोट कुणाच्या मापाचा ते त्यांच्यासमोरच मोजू."

ताई कपाटासमोर उभी राहिली. कोटाची खालची कड आणि बूट यांच्यामध्ये हातभर मोकळी जागा होती. तिथून मागची पांढरी भिंत दिसायला हवी होती. ती दिसत नव्हती. तिथे काय होते हे ताईला पुढे कधीच नीट सांगता आले नाही. गुडघ्याची वळलेली रेघ होती, एवढे ती शपथेवर सांगते. गळ्यापाशी मफलरची घडी वर जात होती आणि खाली येत होती. ताईने त्याच्या वर बघायचे नाही असे ठरवले, किल्ली फिरवली आणि काच सरकवली. दालनभर गारवा पसरला.

"काढून घ्यायचे नाहीत," ती म्हणाली. "घालायचे. इथेच."

बेकरीवाल्याने बाहीशी हात नेला आणि मोज्यांत हात खुपसले. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला. दात आवळून, पाय रोवून तो ढकलत राहिला. मग मोजे एकदम त्याच्या हातांवर बसले आणि तो मागे लटपटला. "माझ्या भट्टीपुढे ये, मग बघतो तुला," तो धापा टाकत कोटाला म्हणाला.

आई पुढे झाली. तिने मान वर केली आणि मफलरच्या वर, जिथे ताई पाहत नव्हती, तिथे टक लावून पाहिले. बराच वेळ पाहिले. ताईला वाटले आता ती कोसळणार.

"तुझा होता, मान्य आहे," आई म्हणाली. टीव्ही बंद कर म्हणताना असायचा तसाच तिचा आवाज होता. "पण तू किती घातलास, एक हिवाळा? मी साठ वर्षं घातलाय. सोड."

तिने मफलर ओढला. तो सुटत नव्हता, तर तिने मानच त्याच्यापर्यंत नेली, दुसरे टोक कोटाच्या कॉलरवर असतानाच स्वतःभोवती एक वेढा घेतला आणि मग दुसरा. दुसऱ्या वेढ्याला तो आला. ताईने तिला सावरायला हात पुढे केला, आणि आईचा सगळा भार, चांगला भक्कम, तिच्या खांद्यावर पडला. ताईची कंबर कळवळली. त्या कळेने तिला इतका आनंद झाला की तिथेच तिचे डोळे भरून आले.

शिंपीणबाईंनी कोट अंगावर ओढला तोपर्यंत आत नुसता खांब आणि पट्टी उरली होती. कोट त्यांच्या घोट्यांपाशी लोळत होता. मागची भिंत पांढरी होती.

"बूट तरी राहू द्या, ताई," संचालकांना एकदाचा आवाज फुटला. "ते तर कुणाचेच नाहीत आता. म्हातारा गेला. चार वाजता मी लोकांना दाखवू काय?"

सगळ्यांनी खाली पाहिले. कामगारांनी बूट दालनाकडे तोंड करून जोडीने ठेवले होते. आता ते किंचित वळले होते. त्यांचे चवडे आईच्या दिशेला होते, आणि त्यांच्याखालची नवी फळी दबून वाकली होती. कर्र, उजवा बूट वाजला. मग डावा.

बेकरीवाला दोन पावले मागे सरला. शिंपीणबाईंनी आईला आपल्या कोटाआड घेतले. संचालक म्हणाले, "ताई, काच लावा, लवकर लावा!"

ताईने चपला काढल्या. चिठ्ठीचा दोरा तिने स्वतःच बांधला होता, पक्की गाठ मारून. तो तिने दाताने तोडला. मग फळीच्या कडेवर बसून तिने उजव्या बुटात अनवाणी पाय घातला. तो अर्ध्यातच अडला. आत पाच गार बोटे होती, जागा न सोडण्यासाठी आवळून धरलेली.

"सरक," ताई म्हणाली, आणि सगळा भार देऊन उभी राहिली.

बोटे सरकली. पाय तळाला टेकला, बूट सैल झाला आणि तिच्या घोट्याभोवती साध्या चामड्यासारखा मुका झाला. तिने नाडी बांधली. मग ती दुसऱ्या बुटाकडे वळली. तो तोवर एक पाऊल मागे गेला होता.